चार रेघांचा दिवस

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरची लॉगबुक म्हणजे रोजचा एक कागद. त्यावर एक चौकट असते. चौकटीत मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास आडवे मांडलेले, आणि प्रत्येक तासाचे पाव-पाव तासाचे चार भाग. एकाखाली एक चार ओळी: पहिली सुटीची, दुसरी केबिनमागच्या बर्थवर झोपल्याची, तिसरी गाडी चालवत असल्याची, चौथी कामावर असल्याची पण चालवत नसल्याची. ड्रायव्हरने पट्टी लावून रेघ ओढायची. स्टिअरिंगवर बसला की रेघ तिसऱ्या ओळीवर, डिझेल भरायला उतरला की चौथ्या, झोपायला गेला की दुसऱ्या. जिथे रेघ एका ओळीवरून दुसरीवर गेली तिथल्या गावाचं नाव खाली लिहायचं. चारही ओळींची बेरीज चोवीस यायलाच हवी. शेवटी सही, म्हणजे वरच्या नोंदी खऱ्या असल्याची हमी.

आता बहुतेक ट्रकमध्ये ही रेघ इंजिनाला जोडलेलं यंत्र ओढतं. पण ओळी त्याच चार आहेत आणि त्यांच्यातली जुनी विषमताही तशीच आहे. लांब पल्ल्याच्या बहुसंख्य ड्रायव्हरांना पैसे मिळतात ते तिसऱ्या ओळीचे. चाक फिरलं तर कमाई, थांबलं तर नाही. कायदा मात्र चारही ओळी खऱ्या लिहायला सांगतो. खोट्या लॉगबुकांबद्दल बोलताना ड्रायव्हरच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणं सोपं असतं. या प्रकरणात आपण त्या बोटाची दिशा तपासणार आहोत.

झोपेपुढे कुणाचं चालत नाही

नियम मुळात का हवेत, हे आधी पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर पूर्ण भरलेल्या ट्रकला साधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन वजनाची परवानगी असते. ताशी ६५ मैल वेगाने असा ट्रक सेकंदाला २९ मीटर जातो. थकलेल्या माणसाला उघड्या डोळ्यांनीही काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागून गेल्याचं त्याला कळतही नाही. चार सेकंदांच्या डुलकीत तो ट्रक शंभर मीटरहून जास्त अंतर कुणीही चालवत नसताना कापतो.

१९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात एक तुलना मांडली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते आणि २४ तास जागरण झालं की ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. अमेरिकेत व्यावसायिक ड्रायव्हरसाठी मद्याची मर्यादा ०.०४ टक्के आहे. दारूसाठी इतकी कडक असलेली व्यवस्था जागरणाच्या बाबतीत कागदावरच्या रेघेवर विसंबून राहते. दारू फुंकून घेऊन मोजता येते. झोप मोजायचं असं कुठलंही साधन रस्त्यावरच्या पोलिसाकडे नाही.

शिवाय झोपेला घड्याळ असतं. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात जास्त मंदावतं. आदल्या दिवशी आठ तास झोपलेला माणूसही त्या वेळी दुपारइतका सावध नसतो. चहा-कॉफी, खिडकी उघडी टाकणं, मोठ्याने गाणी लावणं या सगळ्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. झोपेची थकबाकी झोपूनच फेडावी लागते.

आठ दशकांचे नियम

१९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने अमेरिकेत ड्रायव्हरांचे तास ठरवण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे आला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पहिले नियम लागू झाले. दिवसाला १० तास ड्रायव्हिंग, आठ तास विश्रांती, सात दिवसांत ६० किंवा आठ दिवसांत ७० तास काम, अशी त्यांची घडण स्थिरावली. १९६२ मध्ये 'चोवीस तासांत' ही अट गेली आणि नियमाचा अर्थच बदलला. १० तास चालवा, आठ तास थांबा, पुन्हा चालवा. म्हणजे ड्रायव्हरचा दिवस १८ तासांचा झाला. आज सकाळी सहाला निघालेला माणूस आजच रात्री बाराला आणि त्यानंतर उद्या संध्याकाळी सहाला निघू शकत होता. नियम पाळूनही त्याच्या झोपेची वेळ दर फेरीला सहा तासांनी सरकत राहायची.

ही चूक दुरुस्त व्हायला चार दशकं लागली. २००० मध्ये ट्रक आणि बसच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संघीय यंत्रणा सुरू झाली. तिने २००३ मध्ये जाहीर केलेला नियम जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्याचा गाभा आजही कायम आहे. सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाला लागल्यावर १४ तासांची मुदत सुरू होते, तिच्यात जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग करायचं आणि मुदत संपली की गाडी चालवायची नाही. ६० आणि ७० तासांची जुनी मर्यादा आहेच. सलग ३४ तास सुटी घेतली की ती नव्याने मोजली जाते. पुढे आठ तास ड्रायव्हिंगनंतर अर्ध्या तासाचा थांबाही सक्तीचा झाला.

चौदा तास कामाचे आणि दहा विश्रांतीचे, मिळून चोवीस. कागदावर हे शरीराच्या घड्याळाशी जुळतं. अडचण गोदामाच्या फाटकाशी सुरू होते.

फाटकापाशी सहा तास

एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. समजा ड्रायव्हर सकाळी सहाला निघाला. दोन तासांत ११० मैल कापून आठला गोदामाशी पोहोचला. नऊची वेळ दिली होती, पण माल उतरवायचा डॉक रिकामा नाही. फाटकावर पावती घेतली, गाडी रांगेत लावली. कधीही फोन येईल, कधीही दहा फूट पुढे सरकावं लागेल, म्हणून बर्थवर आडवं झालं तरी डोळा लागत नाही. दुपारी दोनला माल उतरून झाला. ड्रायव्हिंगचे नऊ तास शिल्लक आहेत, पण १४ तासांची मुदत रात्री आठला संपते. हातात सहाच तास उरले. त्यात ३३० मैल. दिवसभराचे एकूण ४४० मैल. मैलाला ६० सेंट धरले तर २६४ डॉलर. डॉकवर वेळेत माल उतरला असता तर ११ तासांत ६०५ मैल, म्हणजे ३६३ डॉलर झाले असते. ९९ डॉलरचं नुकसान झालं, ज्याचा डॉक रिकामा नव्हता त्याला त्याची झळ पोहोचली नाही, आणि ड्रायव्हरचे चौदा तास मात्र गेले.

माल उतरवायला पहिले दोन तास फुकट धरायचे, हा या धंद्यातला सर्रास रिवाज आहे. पुढच्या तासांचा दंड लागला तरी तो वाहतूक कंपनीच्या खात्यात जातो. ड्रायव्हरपर्यंत किती झिरपायचा ते कंपनी ठरवते. १९३८ च्या अमेरिकी कामगार कायद्याने आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट मजुरी सक्तीची केली, पण आंतरराज्य वाहतुकीतले ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. त्यांच्या तासांची काळजी दुसरा विभाग घेतो, असा त्यामागचा तर्क होता. तासांवर बंधन आलं, पण तासांचं मोल ठरलं नाही. १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने वाहतूक क्षेत्र खुलं झालं, भाडी घसरली, संघटनांची पकड सैल झाली. या काळात ड्रायव्हरांची कमाई कशी आटत गेली याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ मायकल बेल्झर यांनी 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स' या २००० सालच्या पुस्तकात केला.

आता वरच्या दिवसाची नोंद करायची आहे. ते सहा तास चौथ्या ओळीवर लिहिले तर दिवसाचे १४ तास भरतात, आणि असे पाच दिवस गेले की ७० तासांचा कोटा संपतो. ड्रायव्हर घरापासून हजार मैलांवर, गाडी उभी, कमाई शून्य. तेच सहा तास पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीवर, म्हणजे सुटी किंवा झोप म्हणून लिहिले, तर दिवसाचं काम आठच तासांचं दिसतं.

मोह इथेच संपत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर १० तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते. एक तुकडा बर्थमध्ये किमान सात तासांचा, दुसरा किमान दोन तासांचा, आणि दोन्ही तुकडे १४ तासांच्या मुदतीतून वगळले जातात. चांगल्या हेतूने केलेली ही सोय आहे, कारण त्याआधी दुपारी डुलकी काढणाऱ्याची मुदत झोपेतही पळत राहायची आणि थकलेला माणूस घड्याळाला भिऊन झोपणं टाळायचा. पण फाटकापाशी ताटकळलेले सहा तास विश्रांती म्हणून लिहिले की त्या ड्रायव्हरला रात्री दोनपर्यंत गाडी चालवता येते. कागदावर तो ताजातवाना असतो. प्रत्यक्षात तो पहाटे सहाच्या आधीपासून जागा आहे आणि शरीर सगळ्यात मंद होण्याच्या वेळेला येऊन ठेपला आहे.

कागदी लॉगबुकांच्या काळात युक्त्या आणखी होत्या. निघण्याची वेळ दोन-तीन तास पुढे ढकलायची, दोन वह्या ठेवायच्या, तासाला परवडेल असा वेग धरून उलट्या दिशेने हिशेब बसवायचा. तपासनीस टोलच्या पावत्या, डिझेलची बिलं आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या लॉगबुकाशी ताडून पाहत. ड्रायव्हर आपापसात त्या वहीला 'कॉमिक बुक' म्हणत. ती खोटी आहे हे कंपनीला ठाऊक असे, माल मागवणाऱ्यालाही ठाऊक असे. सही मात्र एकट्या ड्रायव्हरची.

यंत्राला चाक कळतं, माणूस नाही

इंजिनाला यंत्र जोडलं की खोटेपणा संपेल, असा विचार पुढे आला. पहिला प्रयत्न २०११ मध्ये न्यायालयात अडकला. स्वतःचा ट्रक असलेल्या ड्रायव्हरांच्या संघटनेने आक्षेप घेतला होता की या यंत्राचा वापर ड्रायव्हरांना छळण्यासाठी होईल. कंपनीला दिसेल की अजून एक तास शिल्लक आहे, आणि झोपलेल्याला उठवून गाडी हाकायला लावतील. न्यायालयाने तो नियम रद्द केला. २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून यंत्र सक्तीचं करायला सांगितलं, डिसेंबर २०१५ मध्ये नवा नियम आला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या वेळी छळाला मनाई करणाऱ्या तरतुदीही होत्या. माल पाठवणारे, घेणारे आणि दलाल यांनी ड्रायव्हरवर नियम मोडण्यासाठी दबाव आणला तर त्यांना दंड करण्याची सोय झाली.

अनेक ड्रायव्हरांना यंत्राचा आधार वाटला, हे नोंदवायला हवं. "माझे तास संपले" या वाक्याला पूर्वी किंमत नव्हती. आता पडद्यावर आकडा दिसतो, आणि त्या आकड्यापुढे कंपनीतल्या माणसाला गप्प बसावं लागतं.

पण या यंत्राची रचना नीट पाहा. ट्रकने ताशी पाच मैलांचा वेग गाठला की ते आपोआप तिसरी ओळ सुरू करतं. ट्रक पाच मिनिटं जागचा हलला नाही की ड्रायव्हरला विचारतं: अजून चालवतोयस का? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर रेघ चौथ्या ओळीवर नेतं. तिथून ती पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीवर न्यायची का, हे ड्रायव्हरच ठरवतो. म्हणजे चार ओळींपैकी एकच यंत्राच्या ताब्यात गेली. ड्रायव्हिंग लपवणं अवघड झालं, वाट पाहणं लपवणं पूर्वीइतकंच सोपं राहिलं.

याचा परिणाम लगेच लक्षात येत नाही. फाटकापाशी गेलेले तास विश्रांती म्हणून नोंदले गेले की ते कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. ड्रायव्हर स्वतःच्या कमाईसाठी जी खोटी नोंद करतो, तीच त्याच्यावर होणाऱ्या अन्यायाचा पुरावा पुसून टाकते. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये या विलंबावर अहवाल दिला तेव्हा त्यांनाही पुरेशी अचूक माहिती नसल्याची अडचण जाणवली. तरीही त्यांचा अंदाज बोलका आहे. डॉकवरच्या सरासरी थांब्यात १५ मिनिटांची वाढ झाली तर अपघातांचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो, आणि विलंबामुळे ड्रायव्हरांची वर्षाकाठी १.१ ते १.३ अब्ज डॉलरची कमाई बुडते.

यंत्र आल्यावर काय झालं, याचा ॲलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉलथ्रोप आणि जेसन मिलर यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तासांचे नियम पाळण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं होतं. अपघात मात्र कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि लहान कंपन्यांच्या ड्रायव्हरांमध्ये वेगमर्यादा ओलांडण्यासारखे प्रकार वाढले. कारण उघड आहे. वेळ ताणता येत नसेल आणि पैसे मैलांचेच असतील, तर वेग वाढवणं एवढाच मार्ग उरतो.

नोंद नियमात बसली म्हणजे विश्रांती झाली असंही नाही. ७ जून २०१४ ला मध्यरात्रीनंतर न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर वॉलमार्टच्या ट्रकने एका व्हॅनला मागून धडक दिली. त्यात एकाचा मृत्यू झाला, विनोदी अभिनेता ट्रेसी मॉर्गन गंभीर जखमी झाला. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसलं की ड्रायव्हर १४ तासांच्या मुदतीच्या आत होता, पण सुमारे २८ तास जागा होता. कामावर हजर होण्यासाठीच तो जॉर्जियातल्या घरून डेलावेअरपर्यंत, सुमारे ८०० मैल, स्वतःच्या गाडीने आला होता. घरून कामावर येण्याचा वेळ नियमाच्या हिशेबात सुटीत मोडतो. त्याची ती रात्र पहिल्या ओळीत गेली होती.

थांबायचं कुठे?

समजा ड्रायव्हरने सगळं खरं लिहायचं ठरवलं. रात्री आठला मुदत संपते आहे, पण सत्तर फूट लांबीचा ट्रक उभा करायला जागा हवी. संध्याकाळ झाली की ट्रकतळ भरलेले असतात. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पाहणीत असं दिसलं की जागा मिळावी म्हणून लवकर थांबल्याने ड्रायव्हरांचा दिवसाला सरासरी ५६ मिनिटांचा ड्रायव्हिंगचा वेळ वाया जातो. ज्यांना जागा मिळत नाही ते महामार्गाच्या कडेला किंवा बंद पडलेल्या पंपांवर झोपतात.

२००९ मध्ये साउथ कॅरोलायनात असाच एक तरुण ड्रायव्हर ओसाड पेट्रोल पंपावर थांबला होता. तो वेळेआधी पोहोचला होता आणि माल घेणाऱ्या ठिकाणी लवकर आत सोडत नव्हते. तिथे त्याला गोळी घालून मारलं गेलं, लुटीत मिळाले सात डॉलर. त्याच्या पत्नीने चालवलेल्या मोहिमेतून २०१२ मध्ये ट्रकतळांसाठीची तरतूद झाली. ती त्याच्या नावाने 'जेसन्स लॉ' म्हणून ओळखली जाते. 'थांब' म्हणणाऱ्या सरकारने थांबायची जागा दाखवली पाहिजे, हे मान्य व्हायला एक जीव जावा लागला.

युरोपने काही प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळले. तिथल्या २००६ च्या नियमावलीत दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा थांबा, दोन आठवड्यांत जास्तीत जास्त ९० तास ड्रायव्हिंग अशी बंधनं आहेत. तिथेही वेळ आणि वेग नोंदवणाऱ्या टॅकोग्राफला चुंबक लावून फसवण्याचे प्रकार पकडले जातात. पण त्या नियमावलीत आणखी एक कलम आहे: सुरक्षितता धोक्यात येत असेल तर अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर ड्रायव्हरला मोबदला देण्यास कंपनीला मनाई. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत लागू असलेला अवजड वाहन कायदा जबाबदारीची साखळी मानतो. ड्रायव्हरला नियम मोडायला भाग पाडणारं वेळापत्रक आखणारा, माल भरणारा आणि पाठवणाराही त्यात दोषी ठरू शकतो.

आपल्या महामार्गांवर

भारतातही तासांचा कायदा आहे आणि तो जुना आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी ती दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येत होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, पण १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९१ ने तासांचं तेच बंधन वाहतूक वाहनांवर काम करणाऱ्यांना लावलं. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा संहितेत जुना कायदा सामावून घेतला गेला.

प्रत्यक्षात सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत ड्रायव्हरांचा दिवस सरासरी सुमारे १२ तासांचा निघाला, आणि जवळपास निम्म्यांनी थकवा आला किंवा झोप येत असली तरी गाडी चालवत राहतो असं सांगितलं. ट्रक ड्रायव्हरांचे तास वैमानिकांप्रमाणे ठरवावेत आणि झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये सुचवलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

तरीही आपण नेमकं काय मोजतो ते बघा. ई-वे बिलाची मुदत साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी ठरलेली आहे, ती चुकली तर दंड. फास्टॅगमुळे प्रत्येक टोलनाक्यावरची वेळ नोंदली जाते, मालकाच्या मोबाइलवर गाडी क्षणाक्षणाला दिसते. मालाचा आणि गाडीचा वेळ मोजायची सोय झाली. स्टिअरिंगवरचा माणूस किती तास जागा आहे, याची नोंद कुठेच होत नाही. चाकण, रांजणगाव, तळोजा इथल्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर किंवा न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा रोज दिसतात. ट्रकच्या सावलीत चादर टाकून पडलेल्या ड्रायव्हरला अनेकदा ट्रिपवर भत्ता ठरलेला असतो. हॉल्टिंगचे पैसे मिळालेच तर मालकाला. रात्री माल मिळाला की उशीर भरून काढायची जबाबदारी त्या ड्रायव्हरवर येते.

आपल्याकडेही उद्या लॉगबुकाची सक्ती येईल आणि सोबत यंत्रही येईल. ती यावीच, कारण झोपलेल्या ड्रायव्हरचा ट्रक समोरच्या दुचाकीला, एसटीला किंवा पायी चालणाऱ्या वारकऱ्याला ओळखत नाही. पण अमेरिकेने आठ दशकांत घेतलेला धडा आपण आधीच वाचलेला असावा. ट्रक फाटकाशी आला आणि फाटकातून सुटला, या दोन वेळांची नोंद गोदामाने करावी आणि तिच्यावर गोदामाची सही असावी. थांबलेल्या प्रत्येक तासाचा दर ठरावा आणि तो ड्रायव्हरच्या खात्यात जमा व्हावा. दर काही किलोमीटरवर उजेड, पाणी, संडास आणि पहारा असलेला ट्रकतळ असावा. उशिराचा खर्च उशीर करणाऱ्याच्या खिशातून गेला की गोदामं डॉक लवकर रिकामे करायला शिकतील. ड्रायव्हरलाही मग चारही ओळींवरची रेघ खरी ओढायला काही गमवावं लागणार नाही. हे आधी करावं आणि त्यानंतर यंत्र बसवावं. हा क्रम उलटा केला तर आपण एका थकलेल्या माणसाकडून खोटी सही घेऊ आणि त्या खोट्याची शिक्षाही त्यालाच देऊ.